टाके सुकले, तरी रक्त तपासा

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले, टाके सुकले, माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला की घरचे म्हणतात, "सुटलो एकदाचे!" मग तपासणीची तारीख येते. एक दिवसाचा खाडा, वर गाडीभाडे, तारीख टळते. बंधू-भगिनींनो, ती टाळू नका, असे आम्ही कळकळीने सांगतो.

या कॅन्सरच्या पुष्कळशा गाठी 'सीईए' नावाचे प्रथिन रक्तात सोडतात. १९६५ साली कॅनडातील फिल गोल्ड व सॅम्युअल फ्रीडमन यांनी ते शोधले. गाठ पूर्ण निघाली तर वाढलेले सीईए साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरते. उतरलेच नाही, किंवा उतरून पुन्हा चढू लागले, तर रोग यकृतात वा फुप्फुसात डोके वर काढत असेल. त्रास सुरू होण्याआधीच हे कळले तर काही रुग्णांना दुसऱ्या ऑपरेशनने वाचवता येते. म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत दर सहा महिन्यांनी ही तपासणी करतात.

एकदा आकडा वाढला म्हणून धीर सोडू नका. बिडी-सिगारेटने, यकृताच्या आजारानेही तो वाढतो. डॉक्टर पुन्हा तपासून, स्कॅन काढून ठरवतात. काही गाठी सीईए सोडतच नाहीत. तेव्हा आकडा चांगला आला तरी दुर्बिणीची तपासणी चुकवू नका.

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. मागचा आकडा हाती असला तरच आजचा चढला की उतरला ते कळते.