शिकारी कोणाला म्हणावे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची रीत अनेक घरांत आहे. त्याच हक्काने आज दोन कडू शब्द लिहितो. माझी तक्रार कॅमेऱ्याविरुद्ध नाही. कॅमेरा घेऊन बागेत शिरणाऱ्या आणि स्वतःला पक्षिमित्र म्हणवणाऱ्या माणसाविरुद्ध आहे.

2025 च्या फाल्गुनात सातवीची वीस-बावीस मुले घेऊन मी पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गेलो होतो. एका पांगाऱ्याच्या वाळक्या फांदीला, खालच्या अंगाने, तांबटाची ढोली होती. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, पिवळ्या गळ्याचा आणि कपाळी कुंकवाचा ठसा असलेला हा पक्षी. कसब्यातल्या तांबट आळीत हातोडीचा ठोका ज्याने ऐकला आहे, त्याला हे नाव समजावून द्यावे लागत नाही. नर आणि मादी दोघेही चोचीने लाकूड कोरून ढोली करतात आणि पिल्लांना दोघेही भरवतात. मुलांना मी तेच दाखवायला नेले होते.

झाडाखाली चार गृहस्थ आधीच उभे होते. हातभर लांबीची भिंगे, अंगात पानांच्या रंगाचे कपडे. ढोलीवर सावली येत होती म्हणून त्यांतल्या एकाने आडवी येणारी पालेदार डहाळी मोडून टाकली. दुसऱ्याने मोबाइलवर तांबटाचाच आवाज लावला. पक्ष्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा तांबट घुसला. मग तो पिल्ले सोडून त्याला हुसकायला धावतो. आमचा तांबट चोचीत उंबर धरून आला, ढोलीपाशी घुटमळला आणि परत फिरला. पुन्हा आला, पुन्हा फिरला. माझ्या घड्याळाप्रमाणे पंचवीस मिनिटे हे चालले होते.

"सर, तो घरात का जात नाही?" एका मुलाने विचारले.

मी त्या गृहस्थांना हटकले. "अहो सर, आम्ही काय त्याला मारतोय का? एकच फोटो. ऊन गेलं की मजा नाही!"

मारत नाहीत, हे खरे. पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही धरले आहे. बंदूक लागत नाही. सालीम अलींनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पिवळ्या कंठाची एक चिमणी पाडली, ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचे आयुष्यच बदलले. नेम धरणारा पोरगा पुढे निरखणारा झाला. आमचे हे सद्गृहस्थ निरखायला म्हणून येतात आणि नेम धरतात.

फोटो पाहून लोकांना पक्ष्यांची गोडी लागते, असे ते म्हणतील. लागते की! मलाही लागली आहे. मग उडताना काढा, गाताना काढा, दूर उभे राहून हवे तितके काढा. पिल्लाला भरवतानाचाच हट्ट कशाला? बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस दिवा घेऊन शिरला, तर आपल्या घरातली आजी त्याला काय करील?

आणि यांचे प्रेम तरी कोणावर? हळद्या दिसला की धावपळ, खंड्याच्या निळ्या पंखांसाठी तासन् तास बैठक. त्याच बागेत मातकट सातभाई पाचोळा उलटीत कलकलाट करीत असतात. एकमेकांची पिल्ले मिळून वाढवतात, वर पावशाचे परके पोरही पोसतात. त्यांच्याकडे भिंग वळत नाही. मुलगी पाहायला जाऊन आधी तिचा रंग पाहणारी आपली जात. पक्षी तरी त्यातून कसे सुटावेत!

पुढच्या रविवारी त्या मुलाला घेऊन मी पुन्हा गेलो. तास-दीड तास बसलो. ढोलीशी कोणीच आले नाही. पिल्ले उपाशी गेली, की ढोली उघडी पडल्यावर कावळ्याने साधली, कोण जाणे. मोडलेली डहाळी तेवढी खाली सुकून पडली होती.

येत्या फाल्गुनात मुलांना घेऊन मी तिथेच जाणार आहे. 'शिकार' या शब्दाची ती व्याख्या वहीत उतरवून घ्यायला त्या मुलाला सांगितले आहे. कोणी डहाळीला हात घातला, की त्याने ती वाचायची. पोराचा आवाज खणखणीत आहे.