सायकलीला हक्काची जागा

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, कामगार, दूधवाले असे सारेच सायकलीवरून ये-जा करीत. चित्रपटगृहांपाशी सायकलतळ असत. तेथील माणूस एक बिल्ला सायकलीला अडकवी आणि त्याच क्रमांकाचा दुसरा बिल्ला मालकाच्या हाती देई. थोडक्या पैशांत सायकल निर्धास्त उभी राही. पुढे स्वयंचलित दुचाकी आल्या, मोटारी वाढल्या, आणि सायकलीची जागा त्यांनी घेतली. रस्त्यावरची तशीच तळावरचीही.

आज सायकलीचे गुणगान पुन्हा ऐकू येते. तिला इंधन लागत नाही, ती धूर सोडीत नाही आणि शरीरास व्यायाम घडविते. पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकलींचा आराखडाही मंजूर केला. परंतु ‘सायकल चालवा’ असे सांगणे सोपे. ती उभी कोठे करावी, हे सांगणे कठीण! वाहनतळावर मोटारसायकलींच्या दाटीत तिला शिरकाव मिळत नाही. कोठे तिच्यासाठी खाचा केलेल्या असतात, पण त्यांत केवळ पुढचे चाक अडकते. शेजारच्या सायकलीचा धक्का लागला की सारा भार त्या चाकावर येतो आणि ते वाकते. कुलूपही चाकालाच लावावे लागते; मग चाक मागे ठेवून उरलेली सायकल नेणाऱ्या चोरास कोण अडविणार?

याहून साधी योजना म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली लोखंडी नळीची कमान. सायकल तिला टेकून उभी राहते, दांडी व चाक दोन्ही साखळीने तिला बांधता येतात, आणि एका कमानीच्या दोन बाजूंस दोन सायकली मावतात.

“शहरात जागा आहे कोठे?” असे कोणी विचारील. मुलांनो, आपण हिशेबच करून पाहू. एका मोटारीस सुमारे पाच मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते. तेवढ्या जागेत एकेक मीटर अंतरावर पाच कमानी बसतात. म्हणजे दहा सायकली झाल्या. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरात रेल्वे स्थानकालगत जमिनीखाली सुमारे १२,५०० सायकलींचा तळ २०१९ साली पूर्ण झाला. त्या शहरातही मोटारी आहेतच. म्हणून उणीव जागेची नसून तिच्या न्याय्य वाटणीची आहे, असे माझे मत आहे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. कामावर जाणारा पहारेकरी, घरोघर वृत्तपत्रे टाकणारा मुलगा आणि तुमच्यासारखे विद्यार्थी यांना सायकलीवाचून दुसरे वाहन नसते. मोटारीस जागा देणाऱ्या शहराने यांना मात्र विजेच्या खांबाचा आधार शोधावयास लावावे, हे योग्य नव्हे.

तथापि जागा मिळत नाही म्हणून सायकल पदपथावर आडवी लावणेही गैरच. तेथून अंध व वृद्ध माणसे चालत असतात. त्यापेक्षा आपल्या शाळेत रोज किती सायकली येतात, हे मोजा. मोकळी जागा फुटपट्टीने नव्हे, मोजपट्टीने मापा. आणि किती कमानी बसतील याचा आराखडा काढून मुख्याध्यापकांस अर्ज लिहा. नुसत्या तक्रारीपेक्षा हिशेबासह केलेल्या मागणीस नकार देणे अधिक अवघड असते.