पडद्यावरचा व्यायाम आणि शिक्षकाची नजर

ब्रिटनमधील शाळा बंद असताना, २३ मार्च २०२० रोजी, जो विक्स या प्रशिक्षकाने यूट्यूबवरून मुलांसाठी शारीरिक शिक्षणाचा तास सुरू केला. दुसऱ्याच दिवशी ९ लाख ५५ हजारांहून अधिक प्रेक्षक एकाच वेळी जोडले गेले आणि जागतिक विक्रम नोंदला गेला. घरात अडकलेल्या मुलांना त्या तासाने मोठा आधार दिला, हे निर्विवाद आहे. परंतु शिकवणाऱ्याला त्यांपैकी एकही मूल दिसत नव्हते. आज आपल्या ऑनलाइन संस्कारवर्गांतही वंदना व मराठीसोबत व्यायाम शिकवावा, असा विचार पुढे येत आहे. त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र चित्रफीत पाठवणे म्हणजे शिकवणे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साध्या बैठकांचेच उदाहरण घेऊ. गती आणि लय चित्रफितीतून उत्तम कळते. पण समोरून घेतलेल्या चित्रात पाठीचा कल दिसत नाही आणि बाजूने घेतलेल्या चित्रात गुडघे आत वळले का, हे कळत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी चित्रण हवे. उरलेले काम लेखी सूचनांचे आहे : टाचा जमिनीला टेकलेल्या असाव्यात, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने वाकावेत, श्वास रोखू नये, दुखल्यास वा चक्कर आल्यास थांबावे. दम्याचा त्रास असलेल्या मुलासाठी आणि खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांमुळे घरात उड्या मारू न शकणाऱ्या मुलासाठी सोपा पर्यायही त्यात असावा. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे असताना, बसताना व पहुडताना देहाचे भान ठेवण्याचा उपदेश आहे. चांगली सूचनाही मुलाचे लक्ष पडद्यावरून स्वतःच्या देहाकडे वळवते.

तरीही स्वतःची चूक मुलाला सहसा दिसत नाही. त्यासाठी दुसऱ्याची नजर लागते. म्हणून वर्ग लहान असावेत. शिक्षकाने प्रत्येकाची एक हालचाल पाहावी आणि एकच दुरुस्ती सांगावी. जे थेट जोडले जाऊ शकत नाहीत, त्यांचे चित्रण पालकांनी पाठवावे; ते पालकांच्या संमतीशिवाय घेऊ नये आणि काम झाल्यावर पुसून टाकावे. मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर संकोच वाटत असेल, तर सूचना हाती घेऊन आईवडिलांनीच पाहणी करावी.

५ ते १८ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल हवी, असे ब्रिटनचे वैद्यकीय मार्गदर्शन सांगते. आठवड्यातील एक ऑनलाइन तास ही गरज भागवणार नाही. पण तो सवय लावू शकतो. बाबासाहेबांच्या प्रेरणेने आपल्या घरांत पुस्तकाला पहिला मान मिळाला, तो सार्थच आहे. मात्र अभ्यासाच्या नावाखाली मैदान सुटू नये. देहदंडाने क्षीण झालेल्या शरीराने सत्य गवसणार नाही, हे उमजल्यावर सिद्धार्थ गौतमांनी तो मार्ग सोडला होता.

धम्मबंधू-भगिनींनो, येत्या रविवारी वंदनेनंतर वीस मिनिटे राखून ठेवा. चित्रफीत दाखवा, सूचना वाचून घ्या आणि मग प्रत्येक मुलाकडे नीट पाहा.