दिवाणखान्यातला जंजिरा

समुद्रातल्या किल्ल्याचा मोठ्ठा फोटो हल्ली बऱ्याच दिवाणखान्यांत दिसतो. त्यातही जंजिरा, ड्रोनने वरून टिपलेला. निळं-हिरवं पाणी, मधोमध लंबगोल किल्ला, आत गोड्या पाण्याचे तलाव. छान दिसतो, नाही कोण म्हणतंय? पण मला तो वाढदिवसाच्या केकसारखा वाटतो. असा जंजिरा ना त्यात राहणाऱ्या सिद्दींनी पाहिला, ना त्याला वेढा घालणाऱ्यांनी.

मंडळी, लावायचाच तर होडीतून काढलेला लावा. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालं की आधी नुसती काळी पट्टी दिसते. मग एकेक बुरूज सुटा होत जातो. दरवाजा मात्र अगदी जवळ जाईपर्यंत सापडत नाही. भरतीचं पाणी थेट तटाला भिडलेलं, पाय टेकायलासुद्धा जागा नाही. १६७६च्या मोहिमेत लाय पाटील आणि त्यांच्या कोळी साथीदारांनी रात्रीच्या अंधारात याच तटाला शिड्या लावल्या, असं सांगतात. मागून यायची कुमक आलीच नाही, आणि उजाडायच्या आत शिड्या काढून त्यांना परतावं लागलं. ती शिडी किती उंच लागली असेल, हे वरून काढलेल्या फोटोत कळणार आहे का?

आमचे काका (हे वाचतीलच!) म्हणाले, "अरे, जो आपल्याला कधी मिळाला नाही, तो किल्ला घरात कशाला? सिंधुदुर्ग लाव की!" काका, तुमचा मुद्दा मला कळतो. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून पाहिला, तरी तो सिद्दींकडेच राहिला. थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. पण भिंतीवर फक्त जिंकलेलेच किल्ले लावायचे, तर लाय पाटलांना कुठे बसवायचं? शिवाय आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी इथे पिढ्यान् पिढ्या घरं केली, राज्य केलं, तीही इथलीच गोष्ट. मुलांनी "हा कुणाचा किल्ला?" असं विचारलं, की मला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मला तेच आवडतं.

बाकी सजावटीचं म्हणाल तर खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेची फ्रेम नको, किल्ल्याऐवजी खिडकीच दिसते. उन्हाने रंगही उडतात. मॅट कागदावर, कृष्णधवल छापून घ्या. केशरी सूर्यास्त तर नकोच नको!

आणि जोडीला पद्मदुर्ग हवा. जंजिऱ्याला शह द्यायला महाराजांनी जवळच्याच खडकावर बांधलेला. खाऱ्या वाऱ्याने तिथले दगड आत आत झिजलेत, मधल्या चुन्याच्या रेघा मात्र तशाच उभ्या. त्या तटाचा अगदी जवळून घेतलेला फोटो मी जंजिऱ्याच्या बरोबर समोर लावलाय, आठ बाय दहाचा. पाहुण्यांना आधी ते मधमाश्यांचं पोळंच वाटतं. :)