दिवाणखान्यातील समुद्र आणि प्रवाळांचा कायदा

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासनाने जगभरातील प्रवाळ चौथ्यांदा सामूहिकरीत्या पांढरे पडू लागल्याचे जाहीर केले. त्यानंतर वर्षभरात, म्हणजे एप्रिल २०२५ पर्यंत, जगातील सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला या उष्णतेची झळ पोहोचल्याची नोंद झाली. भारतातील लक्षद्वीपही यातून सुटले नाही. १९९८, २०१०, २०१६ आणि आता २०२४ अशा लागोपाठच्या आघातांनी तेथील प्रवाळांना सावरायला उसंतच मिळालेली नाही. १९९८ ते २०२२ या २४ वर्षांत लक्षद्वीपच्या अभ्यासलेल्या बेटांवरील जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आल्याचे नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

नेमक्या याच काळात मुंबई, पुणे, बेंगळुरू, चेन्नई अशा शहरांतील काही दिवाणखान्यांत प्रवाळ निगुतीने वाढवले जात आहेत. निळसर प्रकाशात डोलणारे, काचेच्या पेटीत २५-२६ अंश तापमानावर जपलेले हे प्रवाळ म्हणजे ‘रीफ टँक’ या महागड्या हौसेचा मानबिंदू. समुद्रातील प्रवाळ मरत असताना घरातील प्रवाळ जगवणे हा छंद आहे, गुन्हा आहे, की भविष्यातील संवर्धनाची तालीम आहे? भारतीय कायदा या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देतो. पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही.

या छंदाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय वादाचे मर्म कळणार नाही. गोड्या पाण्यात गोल्डफिश पाळणे आणि प्रवाळांची पेटी सांभाळणे यांत फारच थोडे साम्य आहे. दोनशे लिटरची लहानशी पेटी घेतली तरी त्यात सुमारे सात किलो मीठ विरघळवावे लागते, आणि तेही स्वयंपाकघरातले नव्हे, तर समुद्रातील सर्व क्षार योग्य प्रमाणात असलेले कृत्रिम सागरी मीठ. गिरगाव चौपाटीवरून चार कॅन भरून आणले की झाले, असे नवख्याला वाटते. परंतु मुंबईच्या किनाऱ्यावरील पाण्यात गाळ आणि सांडपाणी इतके असते की प्रवाळांना ते मानवणे अशक्यच. नळाचे पाणीही चालत नाही. आरओ यंत्रातून गाळून, उरलेसुरले क्षारही काढून घेतलेल्या पाण्यातच मीठ मिसळायचे. त्यानंतरचे चार ते सहा आठवडे पेटीत एकही मासा सोडायचा नाही. या काळात अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकांवर आणि वाळूत वसतात. घाई करणाऱ्यांचे मासे पहिल्याच पंधरवड्यात दगावतात, ते बहुधा या अमोनियामुळेच.

पुढचे काम रोजचे. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालायची, खाऱ्या नव्हे. दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा पाणी बदलायचे. मासे आणि खाद्य यांतून निर्माण होणारी घाण फेसावाटे बाहेर काढणारा ‘स्किमर’ अखंड चालू ठेवायचा. लिटरमागे कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅमच्या दरम्यान आहे ना, अल्कलिनिटी अचानक घसरली नाही ना, हे तपासायचे, कारण प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा याच घटकांतून बांधतो. बंद, वातानुकूलित खोलीत चार पाहुणे तासभर बसले तरी हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पेटीतील पाण्याचा पीएच खाली येतो. महासागरांच्या आम्लीकरणाचा जो धडा शास्त्रज्ञ अहवालांतून समजावून सांगतात, तो या छंदिष्टांना घरबसल्या एका संध्याकाळी मिळतो.

आपल्याकडे या सर्वांवर ताण करणारी बाब म्हणजे तापमान. प्रवाळ हा प्राणी आहे; त्याच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवते. एखाद्या प्रवाळक्षेत्रातील उन्हाळ्याच्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभराने जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो. तो पांढरा पडतो तो त्यामुळे. घरात हे टाळण्यासाठी पाणी थंड करणारे चिलर यंत्र लागते आणि ते वीज खाते. वीज गेली तर पंप थांबतात, पाण्यातील प्राणवायू उतरू लागतो आणि काही तासांत सगळा पसारा धोक्यात येतो, म्हणून इन्व्हर्टर. हौसेला मोल नसते असे म्हणतात. या हौसेचे मोल मात्र दर महिन्याच्या विजेच्या बिलात स्पष्ट दिसते. एक समुद्र थंड ठेवण्यासाठी जाळलेली वीज दुसरा समुद्र तापवण्यात खारीचा वाटा उचलते, हा विरोधाभास या छंदाला कायमचा चिकटलेला आहे.

तरीही विजेपेक्षा मोठा प्रश्न आहे तो या पेटीतले जीव येतात कोठून, हा. गोड्या पाण्यातील शोभिवंत माशांची पैदास बहुतांशी शेततळ्यांत आणि टाक्यांत होते. समुद्री माशांचे गणित उलटे आहे. त्यांतील बहुसंख्य आजही समुद्रातून पकडलेले असतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न जागतिक संवर्धन संनियंत्रण केंद्राने २००३ मध्ये या व्यापाराचा जो पहिला व्यापक आढावा प्रसिद्ध केला, त्यात १४७१ जातींच्या माशांचा व्यवहार होत असल्याचे आणि दरवर्षी २ कोटींहून अधिक मासे, तसेच १.१ ते १.२ कोटी प्रवाळांचे तुकडे विकले जात असल्याचे म्हटले होते. फिलिपिन्स आणि इंडोनेशियात मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत रूढ झाली होती. त्यात मासा जगला तरी भोवतालचे प्रवाळ मरत. म्हणजे दिवाणखान्यातील एका निळ्या माशासाठी खऱ्या समुद्रातील प्रवाळाचा बळी.

भारताने या प्रश्नावर कडक भूमिका घेतली. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. पण त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळांचा समावेश झाला तो २००१ मध्ये. चुनखडीचे कडे बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, सागरपंखे आणि त्यांच्याबरोबर समुद्रघोडे यांना तेव्हा वाघाच्या पंक्तीत बसवण्यात आले. त्यातील ‘सर्व’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवाळ भारताच्या पाण्यातला की परदेशातला, रानातून तोडलेला की टाकीत वाढवलेला, असा भेद त्या शब्दाच्या पोटात नाही. जिवंत प्रवाळच नव्हे, तर त्याचा मृत सांगाडाही कायद्याच्या कक्षेतून निसटत नाही. परदेशी छंदिष्ट ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात आणि ज्याच्याशिवाय पूर्वी पेटी उभीच राहत नसे, तो जिवाणूंनी भरलेला समुद्री खडक म्हणजे मुळात प्रवाळाचाच सांगाडा. भारतात त्याला सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा कृत्रिम खडक हाच निर्वेध पर्याय आहे. सुदैवाने जिवाणूंना त्याचे वावडे नाही. थोडा वेळ जास्त लागतो, इतकेच. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, पहिल्या अनुसूचीतील जीवांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड ठरवला आहे.

एवढी शिक्षा असूनही शहरांतील कठीण प्रवाळांच्या पेट्या दिसेनाशा झालेल्या नाहीत. मऊ प्रवाळ, झोअँथिड, समुद्रफुले यांची नावे २००१ च्या यादीत नव्हती. त्यामुळे त्यांच्या आडोशाने बरेच काही चालते. दुकानात मासे मांडलेले असतात आणि प्रवाळांचा व्यवहार ओळखीतून होतो. वनखात्याच्या एखाद्या वनरक्षकाला पेटीतील दोन जिवांकडे पाहून कोणता अनुसूचीतला आणि कोणता नाही, हे सांगता येईल अशी अपेक्षा करणे हाच मुळात त्याच्यावर अन्याय आहे. जो कायदा बजावणाऱ्याला ओळखता येत नाही आणि पाळणाऱ्याला समजत नाही, त्याचा धाक उरतो तो फक्त सरळमार्गी माणसाला.

बंदीच्या दुसऱ्या टोकाचा अनुभवही देशाने घेतला आहे. मे २०१७ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले आणि १५८ जातींचे मासे बाळगण्या-विकण्यावर बंदी घातली. क्लाऊनफिशपासून बटरफ्लायफिशपर्यंत अनेक समुद्री जाती त्या यादीत होत्या. त्यांतील क्लाऊनफिशची टाकीत पैदास करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने याआधीच विकसित केले होते! एक सरकारी संस्था जो मासा वाढवायला शिकवते, तोच दुसरे खाते वर्ज्य ठरवते, अशी ही गंमत. व्यावसायिकांच्या विरोधानंतर काही महिन्यांतच ते नियम मागे घ्यावे लागले. परंतु त्या गोंधळात एक रास्त मुद्दाही वाहून गेला. काही जातींचे मासे, उदाहरणार्थ केवळ जिवंत प्रवाळांचे अंकुर खाऊन जगणारे बटरफ्लायफिश, घरच्या पेटीत उपाशी मरतात. त्यांच्यावर बंदी असायला हरकत कोणती होती? क्लाऊनफिश आणि हे मासे एकाच यादीत घातल्याने योग्य बंदीही गेली.

इतर देशांतही मार्ग सरळ सापडलेला नाही. जगातील सर्वांत मोठा प्रवाळ निर्यातदार असलेल्या इंडोनेशियाने २०१८ मध्ये प्रवाळांची निर्यात थांबवली. त्याचा फटका समुद्रात जाळीच्या मांडवांवर प्रवाळांची शेती करणाऱ्या किनाऱ्यावरच्या कुटुंबांनाही बसला. २०२० मध्ये निर्यातीचे दार पुन्हा उघडले. प्रवाळाचा बोटभर तुकडा तोडून, चकतीवर चिकटवून वाढवायचा, मग त्याचे आणखी तुकडे करायचे, हे तंत्र छंदिष्टांनी घरोघरी घोटून पक्के केले आहे. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील समुद्र असह्य तापला, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी समुद्रातील रोपवाटिकांतले प्रवाळ उचलून जमिनीवरील टाक्यांत हलवले. त्या टाक्यांतील स्किमर, कृत्रिम प्रकाश आणि अल्कलिनिटीच्या चाचण्या घरगुती पेटीच्या मालकाला अनोळखी वाटल्या नसत्या. २०१६ मध्ये ‘ब्लू टँग’ या लोकप्रिय निळ्या माशाची पैदासही फ्लोरिडातच प्रथम टाकीत साधली.

मग भारतानेही वाढवलेल्या प्रवाळांना परवानगी द्यावी काय? आज तरी नाही, असेच म्हणावे लागेल. टाकीत वाढवलेला तुकडा आणि मन्नारच्या आखातातून छिन्नीने तोडून आणलेला तुकडा चकतीवर चिकटवल्यावर सहा महिन्यांत सारखेच दिसतात. मूळ सिद्ध करणारी यंत्रणा नसताना परवाना दिला, तर चोरीच्या मालाला राजमार्ग मिळेल. मालवणच्या सागरी अभयारण्यातील किंवा कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेल्या आंग्रिया बँकेवरील प्रवाळांना तो धोका परवडणारा नाही. मात्र यंत्रणा नाही म्हणून परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून यंत्रणेची गरज नाही, हे वर्तुळ कोठेतरी तोडावे लागेल. त्याची सामग्री हाताशी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्स करारातील विदेशी जीव बाळगणाऱ्यांना नोंदणी बंधनकारक केली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यासाठी ‘परिवेश’ हे संकेतस्थळ आणि सहा महिन्यांची मुदतही दिली. पोपट आणि इग्वाना पाळणाऱ्यांसाठी जन्म, मृत्यू व हस्तांतराची नोंद होऊ शकते, तर टाकीत जन्मलेल्या माशांसाठी उत्पादकाचा दाखला अशक्य का मानावा?

सुरुवात माशांपासून करणे शहाणपणाचे आहे. क्लाऊनफिश वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत नाही, तो टाकीत अंडी घालतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या साह्याने शोभिवंत समुद्री माशांची पैदास हाती घेण्यात आली. याच संस्थेने लक्षद्वीपमधील अगत्ती बेटावर स्थानिक महिलांना शोभिवंत कोळंबी वाढवण्याचे प्रशिक्षण दिले. कृत्रिम खडक, क्लाऊनफिशची जोडी आणि काही कोळंब्या एवढ्यावरही देखणी पेटी उभी राहते. प्रवाळांशिवाय पेटी अपुरी, ही समजूत परदेशी चित्रफितींनी रुजवली आहे. विक्रेत्याला ‘हा मासा कोठून आला?’ एवढे विचारणारा ग्राहक मात्र अजून विरळा आहे. पाण्यातील फॉस्फेट दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत मोजणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचू नये, हे नवलच.

एका गोष्टीकडे मात्र ना कायद्याचे लक्ष आहे, ना छंदिष्टांच्या वर्तुळाचे. बदली होते, घर बदलते, चिलर बिघडतो, हौस फिटते आणि पेटी मोडावी लागते. त्या वेळी अनुसूचीतील प्रवाळ विकणे गुन्हा, दुसऱ्याला देणे गुन्हा आणि ठेवणे तर मुळातच गुन्हा. उरतो तो समुद्रात सोडण्याचा मार्ग, जो सर्वांत घातक आहे. हिंदी आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश १९८५ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर प्रथम आढळला. तो मत्स्यपेट्यांतूनच तेथे पोहोचला असावा, असे मानले जाते. आज कॅरिबियन समुद्रातील लहान मासे फस्त करणाऱ्या त्या माशाला आवरता आवरत नाही. मोडलेल्या पेटीतील जीव चौकशीच्या भीतीविना जमा करता येतील, अशी सोय किनाऱ्यावरील एखाद्या सरकारी केंद्रात करायला कायदादुरुस्तीची वाट पाहण्याची गरज नाही. वनखात्याचे एक परिपत्रक त्यासाठी पुरेसे ठरेल.