नावाचा हयातीचा दाखला

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दोन वाटांना फुटतो. एक वाट हिंगोलीला जाते, दुसरी यवतमाळवरून नागपूरला. पण इथं उतरलेला माणूस कुठल्याही वाटेचा असो, आधी खिचडीच्या वाटेला लागतो. मीही त्यातलाच. बँकेतल्या वीस वर्षांच्या कारकुनीनं मला एवढीच शिस्त लावली, की पहिली प्लेट संपल्याशिवाय मी दुसरी मागत नाही.

गेल्या महिन्यात माझ्यासमोर माझा भाचा बसला होता आणि त्याची खिचडी गार होत होती. वारंगा फाट्यावर खिचडी गार होऊ देणारा माणूस एक तर प्रेमात पडलेला असतो, नाही तर कोर्टकचेरीत अडकलेला. चिरंजीव दुसऱ्या गटात निघाले. तो पुण्यात संगणकाची नोकरी करतो आणि रात्री जागून मोबाइलवरचे खेळ तयार करतो. एक खेळ जमला, त्याला छानसं नाव दिलं आणि आठ दिवसांत वकिलाची नोटीस आली. म्हणे, हे नाव आमच्या अशिलाचं.

"मग तो अशील त्या नावाचा खेळ विकतो का?" मी विचारलं.

"नाही ना मामा! वीस वर्षांत काही काढलं नाही. नाव नुसतं धरून ठेवलंय."

"असं कसं धरून ठेवता येतं?"

"ट्रेडमार्क आहे म्हणे."

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. व्यापारी कायद्याच्या पेपरात मला चाळीस मार्क होते, त्यांतले पाच परीक्षकाच्या दयाळूपणाचे. तरी मामाच्या भूमिकेत अज्ञान कबूल करता येत नाही. घरी येऊन मी १९९९ चा ट्रेडमार्क कायदा वाचला आणि वाचता वाचता माझाच रक्तदाब वाढला.

वाचकहो, नाव एकदा नोंदवलं की दहा वर्षांची निश्चिंती. दहा वर्षं झाली की नूतनीकरण. एका वर्गाला नऊ हजार रुपये भरा, पुढची दहा वर्षं निवांत. मधल्या काळात त्या नावाचा एखादा तरी नग विकलात का, असं नूतनीकरणाच्या वेळी कुणी विचारत नाही. कलम ४७ आहे, नाही असं नाही. नोंदणीनंतर सलग पाच वर्षांहून अधिक काळ नाव वापरलंच नाही, तर ते काढून टाकता येतं. पण त्यासाठी कुणी तरी अर्ज करायचा, वकील लावायचा, हेलपाटे घालायचे. म्हणजे झोपलेल्याला उठवण्याचा खर्च जाग्या माणसानं करायचा!

याउलट आमच्या बँकेत पाहा. दोन वर्षं खात्यावर खातेदारानं व्यवहार केला नाही, की खातं निष्क्रिय. दहा वर्षं झाली, की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा. पैसा बुडत नाही, मागायला आलं की परत मिळतो. पण कागदपत्रं घेऊन यावं लागतं. आणि पेन्शनर? दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. समोर उभे असलेले निवृत्त गुरुजी, "अहो, मी जिवंत आहे," असं स्वतःच्या तोंडानं सांगत असतात आणि मी म्हणतो, "ते दिसतंय हो गुरुजी, पण दाखला द्या." साठी ओलांडलेल्या गुरुजींना जो नियम लागू, तो कपाटात पडलेल्या नावाला का नको? माझी मागणी एवढीच आहे. नूतनीकरणाच्या वेळी नावाचाही हयातीचा दाखला घ्या.

यावर आमच्या शाखेतले एक वकीलमित्र हसले. "लोक खोटे दाखले आणतील!" आणू देत की. खोटा दाखला पकडता तरी येतो, न मागितलेला दाखला कसा पकडणार? 'एज' या नावाची हकिगत घ्या. २००९ साली पॅरिसच्या एका छोट्या कंपनीचा 'एज' नावाचा खेळ ॲपलच्या दुकानातून उतरवला गेला, कारण कॅलिफोर्नियातल्या 'एज गेम्स'चा त्या नावावर दावा होता. पुढं याच कंपनीनं 'मिरर्स एज' काढणाऱ्या बलाढ्य इलेक्ट्रॉनिक आर्ट्सलाही कोर्टात खेचलं. पण अमेरिकेत नाव राखायचं तर ते वापरात असल्याचं प्रतिज्ञेवर सांगून नमुना जोडावा लागतो. यांनी जोडलेलं मासिकाचं मुखपृष्ठ खऱ्या अंकाशी जुळेना! २०१० मध्ये न्यायालयानं मनाईहुकूम नाकारला, २०१३ मध्ये नोंदण्या रद्द झाल्या. दाखला मागितला होता म्हणून तर चोरी सापडली.

आपल्याकडचं पुण्याचं उदाहरण घ्या. तिथं 'बर्गर किंग' नावाचं एक दुकान १९९२ पासून चालू. त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीनं भारतात नाव नोंदवून ठेवलेलं, पण तिचं इथलं पहिलं दुकान उघडलं २०१४ मध्ये. दावा मात्र २०११ चा. चूल पेटायच्या आधी तीन वर्षं भांडण! ऑगस्ट २०२४ मध्ये जिल्हा न्यायालयानं दावा फेटाळला, डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुणेकरांना नाव वापरायला मनाई केली, आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली. कंपनीचं नाव जगभर जागं होतं, हे कबूल. पण इथं घाम गाळला कुणी, हा प्रश्न उरतोच.

नावाला संरक्षण नको, असं माझं म्हणणं नाही. चालत्या दुकानाची पाटी चोरणारा चोरच. पण जिथं दुकानच नाही, तिथली नुसती पाटी राखत बसणारा कोण?

भाच्याचं काय झालं? पोराकडं लढायला पैसा नव्हता. त्यानं मुकाट्यानं नाव बदललं आणि ते जुनं नाव कूस बदलून पुन्हा झोपी गेलं. त्या दिवशी हॉटेलवाल्यानं आमचं सगळं बोलणं ऐकलं होतं. तो म्हणाला, "सायेब, पाटीवर काय बी लिव्हा. शिजवायलंय कोण, ते बघा." पस्तीस मार्कांचा कायदा मला त्या वाक्यात कळला.

बिल अर्थात मीच दिलं. 'मामा' हे नाव आपण सतत वापरात ठेवलेलं बरं. उगाच कुणी कलम ४७ खाली अर्ज करायचा!