पीक स्पर्धेने मुरमाड खाचर सुधारत नाही



मृगाचं पाणी झालं, तरवा उगवून आलाय. लावणीला अजून वेळ आहे, म्हणून आज भाताचं बाजूला ठेवून शाळेचं लिहितो. शाळा पण याच आठवड्यात उघडल्यात.

गेल्या श्रावणात खोडकिड्याची फवारणी चालू होती. हाताखाली पुतण्या, दहावीत शिकणारा. डब्यावर लिहिलेलं, 200 लिटर पाण्याला 400 मिली. मी म्हटलं, आपला पंप 15 लिटरचा, किती टाकायचं सांग. पोरगं डब्याकडं बघत राहिलं. मग मोबाईल काढला, पण कशाला कशाने भागायचं तेच कळेना. उत्तर 30 मिली. पोरगं मठ्ठ नाही, पॉवर टिलर माझ्यापेक्षा चांगला चालवतो. पण त्याच्या हायस्कुलात नववीचं पूर्ण वर्ष गणिताला शिक्षकच नव्हता. यंदा तो दहावी पास झाला. घरात पेढे वाटले, मीही खाल्ला. पण तो पेढा काही गोड लागला नाही.

सरकारला कच्च्या शाळा सुधारायच्या आहेत, चांगली गोष्ट आहे. पण कच्ची शाळा ओळखायची कशी? निकालावरून? मग हे बघा. 2018 ला राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के. 2019 ला भाषा आणि सामाजिक शास्त्राचे शाळेच्या हातातले 20 गुण बंद केले, निकाल आला 77.10. 2020 ला ते गुण परत दिले, निकाल 95.30. एका वर्षात अठरा टक्के पोरं हुशार झाली का? ओल्या भाताचं वजन करून उतारा सांगण्यातला हा प्रकार.

खरी ओल वेगळ्या मापाने कळते. 2023 च्या 'असर' पाहणीत देशातल्या 28 जिल्ह्यांत 14 ते 18 वयाची खेड्यातली मुलं तपासली. चारातल्या एकाला दुसरीच्या पुस्तकातला उतारा मातृभाषेत सलग वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं फक्त 43 टक्के मुलांना. म्हणजे माझा पुतण्या एकटा नाही.

आता मदतीचं. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाखांचं बक्षीस होतं. केंद्राची पीएम श्री योजना 2022 ला आली, देशात साडेचौदा हजारांवर शाळा निवडायच्या. त्यातही शाळेने अर्ज करायचा, गुण मिळवायचे, मग निवड. शिवाय ती सरकारी आणि जिल्हा परिषद-नगरपालिकांच्या शाळांसाठी. आपल्याकडची बहुतेक हायस्कुलं संस्थांची, अनुदानित. ती दारातच उभी राहत नाहीत.

कृषी खात्याची पीक स्पर्धा आपल्याला माहीत आहे. ज्याचं एकरी उत्पन्न जास्त त्याला बक्षीस. चांगलंच आहे, दुसऱ्याला हुरूप येतो. पण स्पर्धा भरवली म्हणून मुरमाड खाचरात गाळ येऊन पडत नाही. तो आपल्यालाच ओढून टाकावा लागतो. शाळांना बक्षीस मिळालं, गाळ नाही.

उलट आहे तो गाळ पण वाहून चाललाय. आमच्या चांदे-नांदे पट्ट्यात हिंजवडी जवळ आली, जमिनींना भाव आला. ज्याच्या हातात पैसा आला त्याची पोरं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत. मराठी शाळेत उरली मजुरांची, वाडीवरची, कोरडवाहू घरातली. पट कमी झाला की संचमान्यतेत पदं कमी. 15 मार्च 2024 चा शासन निर्णयही पटावरच शिक्षक मोजतो. शिक्षक गेला की उरलेली पोरं पण जातात. ज्या खाचराला पाणी जास्त पाहिजे, त्याचीच मोरी आपण आधी बुजवतो.

कोणी म्हणेल, पैसे ओतून शाळा सुधारत नाहीत. मान्य. नुसता युरिया टाकला तर भात हिरवागार दिसतो आणि वाऱ्यात लोळतो. रंगरंगोटी आणि भिंतीवरचा टीव्ही म्हणजे तो युरिया. आधी माती तपासा. 2015 पासून आपल्या जमिनीला आरोग्य पत्रिका मिळते, 12 घटक तपासून. तशी पत्रिका हायस्कुलाची काढा. आठवीत आलेलं प्रत्येक पोर वाचतं का, भागाकार करतं का. गणित, विज्ञान, इंग्रजीला शिकवणारा आहे का. वेतनेतर अनुदान कधी मिळालं. मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण शाळा सुटल्यावर गाडी आहे का. जे कमी तेवढंच द्या, आणि जिथं कमी तिथंच आधी द्या.

माझ्या मते पहिली मात्रा एकच. कच्च्या हायस्कुलात पट कितीही असो, या तीन विषयांचा शिक्षक रिकामा ठेवायचा नाही. कायमचा मिळेपर्यंत निवृत्त गुरुजींना तासावर घ्या. आणि आठवीची पहिली तीन महिने फक्त वाचन आणि हिशोब. तरवा कच्चा असला की लावणी कितीही टिपणावर केली तरी फुटवा येत नाही.

पोरांना शाळेची गोडी लावायची वाट पण आपल्याच जिल्ह्यात आहे. शिरूरच्या पाबळला डॉ. कलबागांनी 1983 ला विज्ञान आश्रम काढला. तिथल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची पोरं शाळेतच वेल्डिंग, वायरिंग, शेती, आरोग्य हातानं शिकतात. माझा पुतण्या तसा शिकला असता तर 30 मिलीला अडला नसता असं वाटतं.

शेवटी आपलं पण चुकतं. ग्रामसभेत रस्ता, गटार, मंदिराचा सभामंडप यावर दोन तास. हायस्कुलात गणिताला सर आहेत का, हे मी स्वतः वर्षभर विचारलं नाही. पुतण्यानं सांगितलं तेव्हा नववी संपली होती.

या आठवड्यात आपापल्या हायस्कुलात एक चक्कर मारा. भांडायला नाही, नुसतं विचारायला: आठवी-नववीला गणित कोण शिकवतं? काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. दहा गावांची उत्तरं जमली तरी गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर ठेवायला कागद तयार होईल.